अमेरिकेतील ब्राउनफिल्ड अनुदाने आणि सल्लागारांचा व्यवसाय

बंद पडलेला कारखाना, ओस पेट्रोल पंप, वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेली ड्रायक्लीनरची इमारत, रेल्वेचे सोडून दिलेले यार्ड, अशा जागांना अमेरिकेत ब्राउनफिल्ड म्हणतात. जागा खरोखर दूषितच असली पाहिजे असे नाही. तिच्या मातीत किंवा भूजलात काही विषारी आहे असा संशय असला आणि त्या संशयामुळे ती कोणी घेईना, तिथे कोणी बांधेना, तरी ती ब्राउनफिल्डच ठरते. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, अंदाजानुसार देशात अशा साडेचार लाखांहून अधिक जागा आहेत. त्या तपासण्यासाठी 1993 पासून, आणि पुढे साफ करण्यासाठीही, केंद्र सरकार गावांना आणि शहरांना अनुदान देते. त्या अनुदानाच्या आसपास सल्लागारांचा एक व्यवसाय उभा राहिला. नगरपालिकेला अनुदान मिळवून देणे, पुढे त्या पैशातून माती तपासणे आणि साफसफाईचा आराखडा करणे, हे त्याचे काम. हा व्यवसाय कायद्याने जन्माला घातला आणि कायद्यानेच त्याला वेळोवेळी वेसण घातली, म्हणून त्याचा इतिहास हा बराचसा कायद्यांचा इतिहास आहे.

कारखाने उठून गेले ते कायद्याच्या आधी. ईशान्य आणि मध्य-पश्चिम अमेरिकेतील पोलाद, रबर, काच, यंत्रे यांची शहरे 1970 च्या दशकात उतरणीला लागली. ओहायोतील यंगस्टाउन येथे 19 सप्टेंबर 1977 रोजी यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीने कॅम्पबेल वर्क्स हा कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले आणि सुमारे पाच हजार कामगारांची रोजी गेली. शहरात तो दिवस आजही काळा सोमवार म्हणून ओळखला जातो. पुढच्या काही वर्षांत पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, बफेलो, डेट्रॉइट या सगळ्यांच्या वाट्याला थोड्याफार फरकाने हेच आले. मालक गेले, कर थकला आणि थकलेल्या करापोटी जमिनी नगरपालिकांच्या किंवा काउंटीच्या ताब्यात आल्या. या जमिनींत काय मुरले आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते. तोपर्यंत तसे विचारण्याची कोणाला गरजही वाटली नव्हती.

ती गरज लव्ह कॅनॉलने दाखवून दिली. न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाने 1890 च्या दशकात एक कालवा खोदायला घेतला आणि तो अर्धवट राहिला. हूकर केमिकल कंपनीने 1942 ते 1953 या काळात त्या खड्ड्यात सुमारे 21 हजार टन रासायनिक कचरा पुरला. मग त्यावर माती लोटून कंपनीने ती जागा स्थानिक शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खाली रसायने पुरली आहेत आणि पुढे काही झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असे कलम खरेदीखतातच घालून ठेवले होते. तिथे शाळा झाली, भोवती घरे उठली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस पावसाळी पाण्याबरोबर रसायने तळघरांत आणि अंगणांत वर येऊ लागली. लोइस गिब्ज या तिथे राहणाऱ्या गृहिणीने शेजाऱ्यांना एकत्र करून लढा उभारला आणि ऑगस्ट 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. कारखान्याची जमीन हा तोवर मालकाचा खासगी मामला होता. या घटनेनंतर तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला.

कार्टर यांनी 11 डिसेंबर 1980 रोजी ज्या कायद्यावर सही केली त्याला सगळे सुपरफंड म्हणतात. रासायनिक आणि तेल उद्योगांवर कर बसवून पाच वर्षांसाठी 160 कोटी डॉलरचा निधी उभा करायचा आणि सर्वांत धोकादायक जागा त्यातून साफ करायच्या, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू जबाबदारीची होती आणि ती फार कडक होती. कचरा टाकणारा, तो वाहून नेणारा, टाकताना जागेचा मालक असलेला आणि आज मालक असलेला, असे सगळेच खर्चाला बांधील. चूक कोणाची हे सिद्ध करण्याची अट नाही. एकट्याकडूनही सगळा खर्च वसूल करता येई आणि कायद्याच्या आधी घडलेल्या गोष्टींनाही तो लागू होता. लव्ह कॅनॉलसारख्या ठिकाणी असा कायदा न्याय्यच होता. पण एखाद्या गल्लीतल्या मोकळ्या प्लॉटलाही तोच कायदा लागू झाला आणि त्याचा परिणाम उलटा झाला. जुनी जागा विकत घेणे म्हणजे न पाहिलेल्या विहिरीत उडी मारणे होऊन बसले. बांधकाम व्यावसायिक शहराबाहेरच्या शेतजमिनीकडे वळले आणि शहरातल्या जुन्या जागा होत्या तशाच पडून राहिल्या.

बँकाही बिथरल्या. जॉर्जिया राज्यातील एका कापडछपाईच्या कारखान्याला कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेविरुद्ध सरकारने दावा लावला. फ्लीट फॅक्टर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात 1990 साली अपील न्यायालयाने म्हटले की, विषारी कचऱ्याबाबतच्या निर्णयांवर प्रभाव पाडण्याची क्षमता सावकाराकडे असेल तर सफाईचा खर्च त्याच्यावरही येऊ शकतो. त्यानंतर तारण म्हणून जुनी औद्योगिक जमीन घ्यायला बँका धजावेनात, घेतलीच तर आधी तपासणीचा अहवाल मागू लागल्या. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, 1996 मध्ये सावकारांना संरक्षण देणारा कायदा केला, पण अहवाल मागण्याची सवय मात्र कायमची राहिली.

या अहवालाची मुळे 1986 च्या सुपरफंड दुरुस्तीत आहेत. जागा घेण्यापूर्वी योग्य ती सर्व चौकशी केली आणि तरीही प्रदूषणाचा पत्ता लागला नाही, असे दाखवू शकणाऱ्या खरेदीदाराला त्या दुरुस्तीने निर्दोष मालक म्हणून सूट दिली. पण योग्य ती सर्व चौकशी म्हणजे काय, हे कायद्याने नीट सांगितले नाही. ती पोकळी व्यवसायानेच भरली. मानके ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेने 1993 मध्ये अशा चौकशीची पद्धत प्रसिद्ध केली आणि फेज वन हा शब्द बँका, वकील, दलाल सगळ्यांच्या तोंडी बसला. सुपरफंडच्या कामांवर वाढलेल्या अभियांत्रिकी आणि भूगर्भशास्त्राच्या कंपन्यांना आता प्रत्येक जमीनखरेदीत काम मिळू लागले.

फेज वनमध्ये जमीन खणत नाहीत. हे काम कागदांचे आणि पाहणीचे आहे. सल्लागार जागेवर फिरतो, डाग पडलेली जमीन, बुजवलेल्या टाकीचा हवेचा नळ, वाळलेली झाडे हेरतो, जुन्या कामगारांशी आणि शेजाऱ्यांशी बोलतो. नंतर तो अभिलेखांकडे वळतो आणि तिथे त्याच्या हाती सॅनबोर्न नकाशे येतात. आगविमा कंपन्यांना इमारतींचा धोका जोखता यावा म्हणून सॅनबोर्न कंपनीने 1867 पासून अमेरिकेतील सुमारे बारा हजार गावा-शहरांचे हे नकाशे काढले. एका इंचाला पन्नास फूट अशा मोठ्या प्रमाणावर, घरागणिक. विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी. कुठे रंगाचे कोठार, कुठे पेट्रोलची टाकी, कुठे कोळशापासून गॅस काढायची भट्टी, हे सगळे त्यात लिहिलेले असते, कारण विमा कंपनीला आगीची भीती होती. त्याच नोंदीवरून शंभर वर्षांनी डांबर आणि बेंझिन जमिनीत कुठे शोधायचे ते कळते. आज वाहनतळ दिसणाऱ्या जागेवर 1926 च्या नकाशात गॅसची टाकी आणि 1950 च्या नकाशात ड्रायक्लीनर निघाला, की संशयाला आधार मिळाला. मग फेज टू. यंत्राने भोके पाडायची, मातीचे आणि भूजलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे आणि राज्याने ठरवलेल्या मर्यादांशी ताडून पाहायचे. फेज वनचा खर्च काही हजार डॉलरांत भागतो. फेज टूचा खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि सफाईचा तर आधी नेमका सांगताही येत नाही.

राज्यांनी या काळात आपापले मार्ग काढले. न्यू जर्सीने 1983 मध्येच औद्योगिक मालमत्ता हस्तांतरित करण्यापूर्वी ती साफ करणे बंधनकारक केले. मिनेसोटाने 1988 मध्ये स्वेच्छेने सफाई करणाऱ्यांसाठी योजना आणली. पेनसिल्व्हेनियाने 1995 मध्ये जागेच्या पुढच्या वापरानुसार सफाईची पातळी ठरवू दिली. गोदाम बांधायचे असेल तर घरांइतकी स्वच्छ माती लागत नाही, असा त्यामागचा विचार होता. मॅसॅच्युसेट्सने 1993 मध्ये एक मोठे पाऊल टाकले. सफाई पुरेशी झाली आहे की नाही यावर शिक्कामोर्तब करण्याचे काम तिथे सरकारी अधिकाऱ्याकडून काढून परवानाधारक खासगी तज्ज्ञांकडे दिले गेले. न्यू जर्सीने 2009 मध्ये तोच रस्ता धरला. सल्लागार हा आता मालकाचा माणूसही होता आणि एका अर्थाने सरकारचा डोळाही. या दुहेरी भूमिकेतला ताण पुढे अनुदानांच्या बाबतीतही दिसतो.

अनुदान मागण्याची कला मात्र याहून जुनी आहे. 1960 च्या दशकात गरिबी हटवण्याच्या आणि शहरे सावरण्याच्या केंद्रीय योजनांचा महापूर आला. प्रत्येक योजनेचा अर्ज वेगळा, अटी वेगळ्या, मुदत वेगळी. मोठ्या शहरांनी त्यासाठी खास माणसे नेमली. लहान गावांना ते परवडेना, म्हणून त्यांनी बाहेरची माणसे बोलावली. नॉर्टन किरित्झ यांनी 1972 मध्ये लॉस एंजेलिस येथे काढलेल्या ग्रँट्समनशिप सेंटरने अर्ज कसा मांडावा याचे रीतसर प्रशिक्षण सुरू केले. गरज काय, उद्दिष्टे काय, पद्धत काय, मोजमाप कसे, खर्च किती, ही आज जवळपास प्रत्येक अर्जात दिसणारी चौकट त्याच प्रशिक्षणाने लोकांच्या हाडीमासी भिनवली. 1974 मध्ये शहरांना एकगठ्ठा विकासनिधी देणारा कायदा आला, तरी स्पर्धेने मिळणारी अनुदाने संपली नाहीत. थोडक्यात, 1990 च्या सुमारास अमेरिकेत माती तपासणारे सल्लागार एका बाजूला तयार होते आणि अर्ज लिहिणारे दुसऱ्या बाजूला. ब्राउनफिल्ड योजनेने त्यांची गाठ घालून दिली.

ती गाठ क्लीव्हलँडमध्ये पडली. या शहराला प्रदूषणाचा अनुभव नवा नव्हता. तिथल्या कायाहोगा नदीवरच्या तेलाच्या तवंगाने 22 जून 1969 रोजी पेट घेतला होता. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, क्लीव्हलँड ज्यात येते त्या कायाहोगा काउंटीच्या नियोजन आयोगाने उद्योजक, बँका, पर्यावरणवादी आणि अधिकारी यांना एकत्र बसवून रिकाम्या औद्योगिक जमिनींचा प्रश्न चर्चेला घेतला. 1993 मध्ये ईपीएने देशातील पहिला प्रायोगिक ब्राउनफिल्ड प्रकल्प याच काउंटीला दिला. रक्कम दोन लाख डॉलर. त्यानंतर 1994 मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड आणि कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट या शहरांचा क्रम लागला. ब्रिजपोर्टमध्ये जेन्किन्स व्हॉल्व्ह कंपनीच्या जुन्या जागेवर 1998 मध्ये बेसबॉलचे मैदान उभे राहिले.

दोन लाख डॉलर ही रक्कम एखादी मोठी जागा साफ करायला अगदीच अपुरी होती आणि ती तशी ठेवण्यामागे विचार होता. पैसा सफाईसाठी नव्हे तर अनिश्चितता घालवण्यासाठी द्यायचा. जमिनीत काय आहे हे एकदा कळले की खासगी पैसा आपोआप येईल, अशी ईपीएची धारणा होती आणि पुष्कळ ठिकाणी ती खरी ठरली. ईपीएच्या प्रमुख कॅरोल ब्राउनर यांनी जानेवारी 1995 मध्ये ब्राउनफिल्ड कृती-कार्यक्रम जाहीर केला. 1996 अखेरपर्यंत पन्नास प्रायोगिक प्रकल्प देण्याचे त्यात ठरले. सुपरफंडच्या चौकशी यादीत सुमारे 40 हजार जागांची नावे अडकून पडली होती. त्यांतली निम्म्याहून अधिक नावे काढून टाकण्यात आली, कारण यादीत नाव असणे हाच त्या जागांवरचा डाग झाला होता. 1996 मध्ये पिट्सबर्गला ब्राउनफिल्डवरची पहिली मोठी राष्ट्रीय परिषद भरली. तिथे एका मांडवाखाली महापौर, विकासक, विमा कंपन्या आणि सल्लागार आले. सल्लागार कंपन्यांना आपले नवे गिऱ्हाईक कोण आहे, ते या काळात नीट उमगले. ते गिऱ्हाईक म्हणजे जमीन हाती आलेली पण पैसा आणि माणसे नसलेली नगरपालिका.

तोपर्यंत ही योजना ईपीएच्या प्रशासकीय निर्णयावर चालली होती. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी 11 जानेवारी 2002 रोजी पेनसिल्व्हेनियातील कॉन्शोहॉकन गावी ब्राउनफिल्ड कायद्यावर सही केली आणि तिला पक्का पाया मिळाला. तपासणी आणि सफाईसाठी वर्षाला 20 कोटी डॉलरपर्यंत आणि राज्यांच्या योजनांसाठी 5 कोटी डॉलरपर्यंत तरतुदीला मंजुरी मिळाली. तपासणीचे अनुदान, सफाईचे अनुदान, फिरत्या कर्जनिधीचे अनुदान असे प्रकार ठरले. जागेचा मालक असल्याशिवाय सफाईचे अनुदान नाही, सफाई आणि कर्जनिधीसाठी 20 टक्के वाटा स्वतःचा. सुपरफंडमध्ये पेट्रोलियमला जागा नव्हती. नव्या कायद्याने निधीचा चौथा हिस्सा पेट्रोलियमने दूषित जागांसाठी राखला, त्यामुळे गावोगावचे ओस पेट्रोल पंप या अनुदानांच्या कक्षेत आले. जाणूनबुजून दूषित जागा घेणाऱ्या, पण आधी चौकशी करून नंतर योग्य काळजी घेणाऱ्या खरेदीदारालाही संरक्षण मिळाले.

याच कायद्याने ईपीएला चौकशीचे नियम लिहायला लावले. ते नोव्हेंबर 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आणि वर्षभराने लागू झाले. चौकशी कोण करू शकतो हे त्यांनी ठरवून दिले. परवानाधारक अभियंता किंवा भूगर्भतज्ज्ञ असेल तर तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असेल तर पाच वर्षांचा, पदवी नसेल तर दहा वर्षांचा. खरेदीच्या आधी वर्षभरात ही चौकशी झाली पाहिजे आणि तिचे काही भाग तर 180 दिवसांच्या आतले असले पाहिजेत. अशा रीतीने सल्लागार हा सोय न राहता कायदेशीर गरज झाला. त्याच्या सहीशिवाय नगरपालिकेला जागा विकत घेताना संरक्षण नाही आणि संरक्षण नसेल तर अनुदानही नाही, कारण प्रदूषणाला स्वतः जबाबदार असलेल्याला त्याच जागेसाठी अनुदान देता येत नाही.

एवढे झाल्यावर अर्ज. ईपीए दरवर्षी, साधारण शरद ऋतूत, मार्गदर्शक सूचना काढते आणि काही आठवड्यांची मुदत देते. निकाल पुढल्या वसंतात लागतो. अलीकडच्या वर्षांत अर्जाचे मुख्य निवेदन दहा पानांत बसवावे लागते. त्या दहा पानांत बरेच काही मांडायचे असते. भाग कोणता, जागा कोणत्या, त्यांवर पुढे काय करायचे. लोक किती गरीब, मुलांत दमा किती, कर्करोग किती, बेकारी किती, हे सगळे जनगणनेच्या आणि आरोग्य खात्याच्या आकड्यांसह. कोणत्या स्थानिक संस्था सोबत आहेत आणि त्या नेमके काय करणार. कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्याचा खर्च, तो कसा काढला. पूर्वीची अनुदाने नीट वापरली का. प्रत्येक मुद्द्याला गुण ठरलेले असतात आणि परीक्षक गुणपत्रिका हातात घेऊनच वाचतात. सफाईचे अनुदान असेल तर अर्जापूर्वी गावाला सूचना देऊन जाहीर सभा घ्यावी लागते आणि सफाईच्या पर्यायांची तुलना करणारा मसुदा लोकांपुढे ठेवावा लागतो. केंद्राच्या संकेतस्थळांवरची नोंदणी वेळेत झाली नाही तर उत्तम अर्जही दाखल होत नाही.

हे काम गावाचा कारकून करू शकतो का? काही ठिकाणी तो करतोही. पण तीन हजार वस्तीच्या गावात नगरपालिकेचा सचिव, हिशेबनीस आणि नियोजन अधिकारी एकच असतो आणि तो पाणीपट्टीच्या तक्रारीही ऐकतो. त्याच्याकडे दम्याचे आकडे शोधायला वेळ नसतो आणि फेज टूला किती खर्च येईल याचा अंदाजही नसतो. अनुभवी सल्लागाराने असे पन्नास अर्ज लिहिलेले असतात. कोणत्या प्रश्नाला परीक्षक काय शोधतो ते त्याला माहीत असते. अर्ज नामंजूर झाला तर ईपीएकडून उणिवा समजावून घेता येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अनुदान मिळवणारी गावे पुष्कळ आहेत. तेवढा धीर धरायलाही कोणीतरी फाइल सांभाळणारा लागतो. या योजनेतला खरा अन्याय इथेच आहे. स्पर्धेची अट सर्वांना सारखी ठेवली की ज्याला मदतीची गरज सर्वाधिक त्याची अर्ज करण्याची ताकद सर्वांत कमी ठरते.

सल्लागाराला पैसे कुठून द्यायचे, हा प्रश्न पहिल्यापासूनचा. अर्ज लिहिण्याचा खर्च अनुदानातून मिळत नाही. 2002 च्या कायद्याने तर अनुदानातून प्रशासकीय खर्चालाच मनाई केली होती. म्हणून एक तर गावाने स्वतःच्या तिजोरीतून ठरावीक शुल्क द्यावे, नाहीतर दुसरा मार्ग, जो पुढे सर्रास रुळला. अभियांत्रिकी कंपनी अर्ज फुकट लिहून देते, या आशेवर की अनुदान आले तर तपासणीचे काम तिलाच मिळेल. मंजूर रकमेचा टक्का घेणे हा तिसरा मार्ग, पण अनुदान-व्यावसायिकांच्या संघटनांनी आपल्या आचारसंहितांत टक्केवारीला स्पष्ट मनाई केली आहे. सार्वजनिक पैशाचा हिस्सा मध्यस्थाच्या खिशात जाणे योग्य नाही, ही त्यांची भूमिका रास्त आहे.

फुकट अर्जाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. गावाला ते सोयीचे असते आणि कंपनीही काही लपवत नाही. पण अर्जात कामाचे टप्पे आणि खर्च त्याच कंपनीने लिहिलेले असतात. मग निविदेत तिच्याशी दुसरा कोण टक्कर देणार? केंद्रीय अनुदानांचे खरेदीनियम इथे आडवे येतात. डिसेंबर 2014 पासून लागू असलेल्या एकत्रित नियमांनुसार निविदेचा तपशील, कामाची व्याप्ती किंवा अटी ज्याने लिहिल्या, त्याला त्या कामाच्या स्पर्धेतून वगळलेच पाहिजे. अर्जात एखाद्या कंपनीचे नाव घातले म्हणून तिला स्पर्धेतून सूट मिळत नाही, हे ईपीएने आपल्या सूचनांत वारंवार सांगितले आहे. रस्ता बंद मात्र केलेला नाही. गाव अर्जापूर्वीच जाहीर निविदा काढू शकते, तीत अर्ज लिहिणे आणि अनुदान मिळाल्यास पुढचे काम करणे अशी दोन्ही कामे स्पष्ट नमूद करू शकते आणि आलेल्यांतून एकाला निवडू शकते. निवड नियमांत बसणारी असेल तर अनुदानानंतर पुन्हा निविदा काढावी लागत नाही. नीट चालणाऱ्या नगरपालिका आता बहुधा हेच करतात.

दराच्या बाबतीतही एक जुना वाद आहे. अमेरिकेत 1972 च्या ब्रुक्स कायद्यानुसार केंद्र सरकार वास्तुविशारद आणि अभियंते यांची निवड आधी पात्रतेवर करते आणि दर मागाहून ठरवते. पूल बांधताना सर्वांत स्वस्त अभियंता घेऊ नये, हा त्यामागचा विचार. अनुदान घेणाऱ्या संस्थांनाही ही सवलत आहे, पण ती फक्त वास्तुशास्त्रीय आणि अभियांत्रिकी सेवांपुरती. अभियांत्रिकी कंपनी देते म्हणून प्रत्येक सेवा अभियांत्रिकी होत नाही, हे नियमांत मुद्दाम नमूद केले आहे. जागांची यादी करणे, लोकांच्या सभा घेणे, फेज वनचे अहवाल लिहिणे, यांत दराचा विचार करावाच लागतो. या भेदाकडे दुर्लक्ष करणाऱ्या गावांची बिले लेखापरीक्षणात अडकू शकतात, आणि तेव्हा पैसे परत करण्याची जबाबदारी सल्लागाराची नसते, गावाची असते.

सल्लागार परवडत नाही किंवा नको आहे अशा गावांसाठी ईपीएने विद्यापीठांची मदत उभी केली. कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटी, न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटी अशा संस्थांतली तांत्रिक साहाय्य केंद्रे गावांना विनामूल्य सल्ला देतात. ती अर्ज लिहून देत नाहीत, पण कच्चा मसुदा वाचून कुठे कमी पडतो ते सांगतात. कॅन्सस स्टेटने तयार केलेले टॅब-ईझी हे संगणकीय साधन अर्जाचे एकेक प्रश्न समोर ठेवून उत्तर कसे मांडावे ते दाखवते. सल्लागार कसा निवडावा, निविदा कशी लिहावी, मुलाखतीत काय विचारावे, हेही ही केंद्रे शिकवतात. खासगी सल्लागारांशी ती स्पर्धा करत नाहीत, पण गाव त्यांच्या भरवशावर आंधळे राहू नये एवढे पाहतात. या साऱ्या व्यवस्थेत खर्चाच्या मानाने सर्वाधिक उपयोगाचा भाग हाच आहे.

23 मार्च 2018 रोजी मंजूर झालेल्या बिल्ड कायद्याने काही गाठी सैल केल्या. सफाईच्या अनुदानाची मर्यादा एका जागेसाठी दोन लाखांवरून पाच लाख डॉलर झाली. एकाच अनुदानातून तपासणी, नियोजन आणि सफाई करता यावी म्हणून दहा लाखांपर्यंतचे बहुउद्देशीय अनुदान आले. अनुदानाच्या पाच टक्क्यांपर्यंत रक्कम प्रशासकीय खर्चासाठी वापरण्यास मुभा मिळाली, ना-नफा संस्थांना अधिक प्रकारांत अर्ज करता येऊ लागला. 11 जानेवारी 2002 पूर्वी सार्वजनिक मालकीत आलेल्या जागांनाही दार उघडले, त्यामुळे चौकशीविना जुन्या काळी ताब्यात घेतलेल्या कितीतरी जमिनी पात्र ठरल्या.

त्यानंतरचा बदल पैशाचा होता. राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी 15 नोव्हेंबर 2021 रोजी सही केलेल्या पायाभूत सुविधा कायद्याने ब्राउनफिल्डसाठी पाच वर्षांत 150 कोटी डॉलर दिले आणि 1995 अखेर संपलेला रसायनांवरचा सुपरफंड करही परत आणला. या वाढीव निधीतल्या अनुदानांना 20 टक्के स्थानिक वाट्याची अट उरली नाही. गावभरच्या तपासणीला पाच लाखांपर्यंत, सफाईला वीस लाख आणि त्याहूनही मोठी अनुदाने जाहीर झाली. विद्यापीठांच्या साहाय्य केंद्रांनाही वाढीव निधी मिळाला. रकमा वाढल्या तशा सल्लागार कंपन्यांच्या जाहिराती, फुकट मार्गदर्शनाची सत्रे आणि नगरपालिकांच्या दारातल्या फेऱ्याही वाढल्या. खरेदीचे नियम मात्र होते तेच राहिले. अनुदान दोन लाखांचे असो की वीस लाखांचे, अर्ज कोणीही लिहिलेला असो, जाहीर स्पर्धेविना दिलेल्या कामाचे बिल ईपीए नाकारू शकते, आणि ते नाकारले तर भरपाई गावाच्या तिजोरीतूनच द्यावी लागते.